पंखा वरून, पंखा खालून

गेल्या शनिवारी कपाट आवरताना एक मेलेली हार्ड डिस्क सापडली. फेकायच्या आधी उघडून तर बघू म्हणून स्क्रू काढले. आत आरशासारखी चकचकीत तबकडी. कॉलेजचं प्रोजेक्ट, ट्रेकचे फोटो, सगळं तिच्यावरच, पण डोळ्यांना दिसलं काय? फक्त स्वतःचं थोबाड :)

ते एक आणि शून्य म्हणजे चुंबकाचे इवलेसे तुकडे, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण ती तबकडी नुसत्या लोखंडाची नसते, मिश्रधातूची असते. मग त्यातला कुठला अणू चुंबकाचं काम करतो आणि कुठला नुसता बसून असतो (आपल्या टीममध्ये असतात तसे), हे कसं कळतं? कळतं, प्रकाशाने. आणि त्यामागचा इतिहास वाचायला लागलो तर रविवारही त्यातच गेला. गंमत म्हणजे हा इतिहास बराचसा फसलेल्या कामांचा आहे.

सुरुवात मायकेल फॅरडेपासून. १८२५ ते १८३० या काळात त्याने दुर्बिणीसाठी चांगली काच बनवायचं काम केलं. मेहनत भरपूर, फळ फारसं नाही. पण त्यातला जड काचेचा एक तुकडा त्याने जपून ठेवला होता. १८४५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने तीच काच चुंबकाजवळ ठेवली, तिच्यातून ध्रुवीकृत प्रकाश सोडला, आणि प्रकाशाच्या कंपनाची पातळी चक्क वळली! प्रकाश आणि चुंबक यांचं काहीतरी नातं आहे याचा हा पहिला पुरावा.

मग १८६२. फॅरडे म्हातारा झालेला. चुंबकात ज्योत ठेवली तर तिच्या वर्णपटातल्या रेषा हलतात का, हे त्याने तपासलं. काहीच दिसलं नाही. तो त्याचा शेवटचा प्रयोग. 'काही नाही' हा निकालही त्याने नीट नोंदवून ठेवला. पुढे हॉलंडमधल्या लायडनच्या पीटर झेमानच्या वाचनात हे आलं. त्याचा विचार साधा होता : फॅरडेसारख्या माणसाला हा प्रयोग करावासा वाटला, तर त्यात काहीतरी असणार. १८९६ साली त्याने चांगली जाळी (म्हणजे ग्रेटिंग) आणि ताकदवान चुंबक वापरून तो पुन्हा केला. रेषा रुंदावल्या! आणि त्या रेषांच्या कडांचा प्रकाश वर्तुळाकार पिळाचा निघाला, एका बाजूचा उजवा, दुसऱ्या बाजूचा डावा. १९०२ साली लोरेंट्झ आणि झेमान यांना नोबेल मिळालं. याच रेषांच्या काही विचित्र फाट्यांचा अर्थ लावताना १९२५ साली लायडनच्याच ऊलेनबेक आणि हाउडस्मिट या दोन पोरांनी सुचवलं की इलेक्ट्रॉनला स्वतःचा स्पिन असतो. दोघंही तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर. (मी पंचविशीत काय करत होतो? जाऊ दे.)

आता जरा तांत्रिक, पण सोपं करून सांगतो. दोनच डब्यांची एक लोकल समजा. एक 'वर' स्पिनचा डबा, एक 'खाली' स्पिनचा. साध्या धातूत दोन्ही डबे सारखेच भरलेले. लोखंड, कोबाल्ट, निकेल यांच्यात मात्र एक डबा जवळजवळ खच्चून भरलेला आणि दुसऱ्यात बऱ्याच जागा रिकाम्या. हा असमतोल म्हणजेच चुंबकत्व. मग रिकाम्या जागा मोजायच्या कशा? खालच्या प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे अणूच्या आतल्या कवचातून, इलेक्ट्रॉनला क्ष-किरणाने धक्का मारायचा आणि किती जण चढले ते बघायचं. उजव्या पिळाचा प्रकाश एका डब्याकडे जास्त ढकलतो, डाव्या पिळाचा दुसऱ्याकडे. दोन्ही आकड्यांची वजाबाकी केली की चुंबकत्व हातात! यालाच सर्क्युलर डायक्रॉइझम म्हणायचं. प्रकाशाचा पीळ उलटा करा किंवा चुंबकाची दिशा उलटी करा, गोष्ट एकच. आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या प्लॅटफॉर्मची उंची वेगळी. लोखंडासाठी सुमारे ७०७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कोबाल्टसाठी ७७८, निकेलसाठी ८५३. त्यामुळे मिश्रधातूतही नेमकी ज्याची पाहिजे त्याचीच चौकशी करता येते.

पण असा पीळ असलेला क्ष-किरण आणायचा कुठून? इथे आणखी एक 'बग' कामाला आला. १९४७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सिंक्रोट्रॉनमध्ये गोल फिरणारे इलेक्ट्रॉन प्रकाश फेकताना पहिल्यांदा डोळ्यांना दिसले. कणांची टक्कर घडवणाऱ्यांच्या दृष्टीने हा निव्वळ तोटा, ऊर्जेची गळती. पण हीच गळती पुढे क्ष-किरणांचा उत्तम झरा ठरली. आणि पीळ? छताचा पंखा आठवा. वरून बघितला तर एका दिशेने फिरतो, खालून बघितला तर उलट. इलेक्ट्रॉनच्या फिरण्याच्या पातळीतून बघितलं तर प्रकाशाला पीळ नाही. जरा वर गेलात तर एक पीळ, जरा खाली गेलात तर दुसरा. इतकं सोपं!

१९७५ साली अर्स्किन आणि स्टर्न यांनी निकेलमध्ये असा परिणाम दिसावा हे गणिताने सांगितलं होतं. प्रत्यक्ष क्ष-किरणांत वर्तुळाकार पिळाचा फरक मोजला तो १९८७ साली, गिझेला श्यूट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हॅम्बुर्गच्या डेझी संस्थेत. त्यांनी लोखंडाचं सर्वांत आतलं कवच वापरलं, आणि तिथे हा फरक फार बारीक असतो. दहा हजारांत जेमतेम काही भाग. विचार करा, एवढा फरक आपल्या लॉगमध्ये दिसला तर आपण 'नॉइज आहे रे' म्हणून तिकीट बंद करून चहाला जाऊ. त्यांनी तसं केलं नाही.

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. १९९० साली चेन आणि सहकाऱ्यांनी निकेलच्या पुढच्या कवचावर हाच प्रयोग केला आणि दहा हजारांतला फरक थेट टक्क्यांत आला. १९९२ आणि १९९३ साली थोले, कारा आणि सहकाऱ्यांनी सूत्रं दिली, की या वजाबाकीतून स्पिनचा वाटा किती आणि इलेक्ट्रॉनच्या भ्रमणाचा किती हे वेगवेगळं काढता येतं. आणि १९९३ सालीच श्टर आणि सहकाऱ्यांनी कोबाल्टवर नेम धरून एका हार्ड डिस्कच्या तबकडीचं चित्र घेतलं. कोबाल्ट-प्लॅटिनम-क्रोमियमच्या थरावरचे बिट्स, काळे आणि पांढरे. माझ्या त्या आरशात जे मला दिसलं नाही, ते.

२००३ साली तर प्लॅटिनमवर बसवलेले कोबाल्टचे सुटे अणू मोजले गेले, आणि भ्रमणाचा वाटा नेहमीच्या कोबाल्टपेक्षा सातएक पट निघाला. २०२४ साली मँगनीज टेल्युराइड या पदार्थाची अशीच चित्रं आली. याचं एकूण चुंबकत्व जवळजवळ शून्य, साध्या चुंबकाला दादही देत नाही, पण पिळाच्या प्रकाशाला मात्र आतली रचना सांगतो. आणि असं यंत्र बघायला परदेशी जायलाच पाहिजे असं नाही. होळकरांच्या इंदूरला इंडस-२ नावाचं १७२ मीटर घेराचं सिंक्रोट्रॉन आहे. सराफ्यात खाऊन येणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

मला यातलं सर्वांत काय लागलं म्हणाल, तर १८६२ची ती नोंद. 'करून पाहिलं, काही दिसलं नाही.' ऑफिसात आपण फसलेले प्रयोग डिलिट करतो, रिपोर्टमध्ये फक्त हिरव्या खुणा ठेवतो. फॅरडेने तसं केलं असतं तर झेमानला ती वाट कुणी दाखवली असती?

असो. तबकडी फेकली नाही. टेबलावर ठेवली आहे, चहाच्या कपाखाली. आणि सोमवारी पहिलं काम म्हणजे गेल्या महिन्यात फसलेल्या टेस्टचे निकाल विकीवर टाकणार आहे. कुणाच्या तरी उपयोगी पडतील.