साक्षगंधाची अंगठी आणि हिऱ्याचं माप



मागच्या महिन्यात धाकट्याच्या साक्षगंधाची अंगठी घ्यायला आम्ही आंजीहून वर्ध्याला गेलो. सराफाने पहिलाच प्रश्न केला, "किती कॅरटचा हिरा दाखवू?" मी पटकन म्हणाले, "एक कॅरट." होणाऱ्या सुनेने काहीच मागितलं नव्हतं. जाऊबाईंच्या सुनेची अंगठी पाऊण कॅरटची आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भाव ऐकून यांनी हळूच विचारलं, "ठेव मोडायची का?" ती ठेव यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी राखलेली. आम्ही काही न घेता परत आलो. कॉमर्स शिकलेली बाई मी, आणि ज्या मापाने माल घेणार होते ते मापच मला ठाऊक नव्हतं! मग वाचायला बसले.

कॅरट हा शब्द मुळात एका बीवरून आला. भूमध्य समुद्राकाठी कॅरोब नावाचं शेंगांचं झाड असतं. त्याच्या बिया तराजूत टाकून तिकडे रत्नं तोलत. आपल्याकडे तेच काम गुंजेने केलं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सासूबाईंच्या पितळी डबीत त्या लालकाळ्या गुंजा अजून आहेत. पूर्वी प्रत्येक बाजारपेठेचा कॅरट थोडा वेगळा भरायचा. १९०७ साली पॅरिसच्या वजनमाप परिषदेने २०० मिलिग्रॅमचा कॅरट ठरवला. म्हणजे एका ग्रॅमचे पाच कॅरट आणि एका कॅरटचे शंभर सेंट. गुंज साधारण १२१ मिलिग्रॅमची. ज्या एक कॅरटसाठी मी ठेव मोडायला निघाले होते, तो दोन गुंजाही भरत नाही! (सोन्याचा कॅरट वेगळा बरं का. तो वजन नाही, शुद्धता सांगतो.)

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे मुख्यतः आपल्या देशानेच पुरवले. खाणी काही फक्त गोवळकोंड्याच्या मुलखात नव्हत्या. आपल्या विदर्भातलं वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळातल्या 'आइन-इ-अकबरी'त सापडतो. आणि हिरे पारखणाऱ्यांत आपल्या समाजाचं एक मोठं नाव आहे, ठक्कर फेरू. हा श्रीमाळ जैन दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या चाकरीत होता. त्याने १३१५ साली प्राकृतात रत्नपरीक्षेवर ग्रंथ लिहिला. त्यात रत्नांचे गुणदोष आहेत आणि वजनाप्रमाणे किमतीही आहेत.

वजनाने किंमत कशी चढते, याचं गणित सतराव्या शतकात भारतात येऊन गेलेल्या टॅव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने मांडून ठेवलंय. वजनाचा वर्ग करायचा आणि त्याला एका कॅरटच्या भावाने गुणायचं. म्हणजे वजन दुप्पट तर किंमत चौपट, वजन तिप्पट तर किंमत नऊपट. आजचे भाव या सूत्राने नेमके निघत नाहीत, पण चाल तीच आहे. शिवाय अर्धा कॅरट, एक कॅरट अशा पूर्ण आकड्यांना भाव एकदम उडी मारतो. पंच्याण्णव सेंट आणि एक कॅरट यांतला फरक बोटात घातल्यावर कुणालाही दिसत नाही, बिलात मात्र दिसतो.

आता डोळ्यांना काय दिसतं ते बघा. चांगले पैलू पाडलेला एक कॅरटचा गोल हिरा साडेसहा मिलिमीटर रुंद असतो, अर्ध्या कॅरटचा पाच मिलिमीटरच्या थोडा वर. वजन निम्मं झालं, पण रुंदी चार पंचमांश उरली. आणि तेज वजनात नसतंच, ते पैलूंत असतं. नाशिकच्या हिऱ्याची गोष्टच घ्या. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला हा हिरा ८९ कॅरटचा होता. पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती लागला आणि १८१८ मध्ये लंडनच्या जवाहिऱ्यांना विकला गेला. त्यांनी तो नव्याने घडवला, पुढे तो एका उमरावाच्या तलवारीच्या मुठीत बसला. १९४० साली हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्याने तो घेतला आणि पुन्हा पैलू पाडून ४३.३८ कॅरटवर आणला. जवळजवळ निम्मं वजन त्याने जाणूनबुजून घालवलं, कारण त्याला तेज हवं होतं. नंतर एका अमेरिकी बाईने तो अंगठीतच घातला.

हे वाचताना मला आपलं पाचवं अणुव्रत आठवलं. त्याचं नावच परिग्रह-परिमाण. परिमाण म्हणजे माप. दर दशलक्षणात आपण उत्तम आकिंचन्यावर प्रवचन ऐकतो, आणि दुकानात गेल्यावर माप मात्र जाऊबाईंच्या सुनेच्या बोटाचं धरतो. आपलं माप आपण घरीच, बाजारात पाय ठेवण्याआधी ठरवायचं, असा मी त्या व्रताचा अर्थ घेतला.

मग होणाऱ्या सुनेलाच फोन केला. ती म्हणाली, "आई, मी दिवसभर लॅबमध्ये हातमोजे घालते. उंच अंगठी अडकते हो." आम्ही आधी रक्कम ठरवली आणि मग गेलो. बसकी, तीस सेंटची अंगठी घेतली. प्रमाणपत्र मागितलं, पैलूंचा दर्जा बघितला. मधल्या हिऱ्याचं वजन आणि कडेच्या बारीक खड्यांचं वजन बिलावर वेगवेगळं लिहून घेतलं. तुम्हीही घ्या, नाहीतर सगळ्या खड्यांची बेरीज करून "अर्धा कॅरट" सांगतात आणि आपण फसतो.

साक्षगंधाला जाऊबाईंनी सुनेचं बोट धरून विचारलंच, "किती सेंट?" मी सांगितलं, तीस. त्या म्हणाल्या, "चमकते छान." ठेव जागेवर आहे. यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर.

जय जिनेंद्र.