दिशा अचूक राहण्यासाठी प्रकाश स्थिर हवा

एर्बियमयुक्त प्रकाशीय तंतूंचे तापमान-स्थैर्य आणि कार्यक्षमता

एप्रिल २०२४ मध्ये फिनलंडच्या फिनएअर कंपनीने एस्टोनियातील टार्टू शहराची विमानसेवा महिनाभरासाठी स्थगित केली. त्या परिसरात जीपीएस संकेतांत वारंवार अडथळे येत होते आणि टार्टूच्या विमानतळावर उतरण्याची पद्धत जीपीएसवरच अवलंबून होती. उपग्रहांचे संकेत अतिशय क्षीण असतात आणि ते जमिनीवरून सहज दाबता येतात, ही गोष्ट या घटनेने सर्वसामान्यांच्याही लक्षात आणून दिली. समुद्राखालच्या पाणबुडीपर्यंत तर हे संकेत पोहोचतच नाहीत. त्यामुळे बाहेरच्या कोणत्याही संकेताविना स्वतःचे वळणे मोजून दिशा सांगणाऱ्या उपकरणांचे महत्त्व कायम राहिले आहे. फायबर ऑप्टिक गायरोस्कोप हे अशांपैकी एक प्रमुख उपकरण. त्याची अचूकता बऱ्याच अंशी अवलंबून असते ती त्यातील प्रकाशस्रोतावर.

तरंगलांबी हाच गज

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज सान्याक यांनी १९१३ मध्ये दाखवून दिलेल्या परिणामावर हा गायरोस्कोप चालतो. एकाच स्रोतातून निघालेल्या प्रकाशाचे दोन भाग करून ते तंतूच्या वेटोळ्यातून परस्परविरुद्ध दिशांनी सोडले जातात. वेटोळे स्थिर असेल तर दोन्ही भाग एकाच वेळी परत येतात. वेटोळे फिरत असेल तर फिरण्याच्या दिशेने जाणाऱ्या प्रकाशाला किंचित अधिक अंतर कापावे लागते आणि दोहोंच्या कलांत फरक पडतो. व्हाली आणि शॉर्टहिल यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठात तंतूच्या वेटोळ्यावर हा प्रयोग यशस्वी केला. पृथ्वी स्वतःभोवती ताशी सुमारे १५ अंश फिरते. आजची उत्तम उपकरणे त्याच्या हजारांशाहूनही मंद गती टिपतात.

कलांतील हा फरक तंतूची लांबी, वेटोळ्याचा व्यास आणि फिरण्याचा वेग यांच्या सम प्रमाणात, तर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे तरंगलांबी हा येथे मोजमापाचा गज आहे. कापड मोजणाऱ्याचा गजच उन्हाने लांबला तर कापड कमी भरणार, तसाच हा प्रकार. सरासरी तरंगलांबी दशलक्षात १०० भागांनी बदलली, तर पूर्ण एक वळण घेतलेल्या विमानाच्या दिशेत ०.०३६ अंशाची चूक होते. त्या दिशेने १०० किलोमीटर गेल्यावर ही चूक सुमारे ६३ मीटर भरते. बदल दशलक्षात एका भागापुरता राखला, तर ती ६३ सेंटिमीटरवर येते. उच्च दर्जाच्या दिशादर्शनासाठी दशलक्षात एक भाग हेच उद्दिष्ट मानले जाते. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात ही मर्यादा नॅनोमीटरच्या अवघ्या ०.००१५५ भागाएवढी आहे.

लेसर का नको?

साध्या लेसरचा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो. काचेतील सूक्ष्म विषमतेमुळे उलट विखुरलेला प्रकाशही मग मूळ प्रकाशाशी मिसळून खोटे संकेत निर्माण करतो. म्हणून गायरोस्कोपला अनेक नॅनोमीटर रुंदीचा, पण एकाच अरुंद तंतूत मावणारा प्रकाश लागतो. सुपरल्युमिनेसंट डायोड हा त्यावरचा पहिला उपाय होता. मात्र त्याची तरंगलांबी दर अंश सेल्सियसला दशलक्षात सुमारे ४०० भागांनी सरकते. एर्बियम मिसळलेल्या तंतूचा स्रोत पुढे आला तो यामुळेच. त्यातील बदल दर अंशाला काही मोजक्या भागांपर्यंतच असतो.

एर्बियमची कामगिरी

एर्बियम हे विरल मृदा गटातील मूलद्रव्य. त्याचा अणुक्रमांक ६८. स्वीडनमधील इटर्बी गावाच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले आणि १८४३ मध्ये कार्ल गुस्ताफ मोसांडर यांनी त्याचा शोध लावला. तंतूच्या काचेत अशी मूलद्रव्ये मिसळून प्रकाश वाढवण्याची कल्पना जुनी आहे. कोस्टर आणि स्नित्झर यांनी १९६४ मध्ये निओडिमियमयुक्त तंतूत ती सिद्ध केली. एर्बियमचा काळ उजाडला १९८७ मध्ये. त्या वर्षी ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एमान्युएल देझुर्व्हिर यांनी एर्बियमयुक्त तंतूचा प्रवर्धक साकारला. मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या सी-मी-वुई ४ सारख्या समुद्राखालील केबलींमधून इंटरनेटचा प्रकाश हजारो किलोमीटर जातो, तो ठरावीक अंतरावर बसवलेल्या अशाच प्रवर्धकांच्या बळावर.

९८० नॅनोमीटरच्या लेसर डायोडचा प्रकाश शोषून एर्बियमचे आयन उत्तेजित होतात. त्या अवस्थेत ते सुमारे १० मिलिसेकंद टिकतात. अणूंच्या जगात हा काळ प्रदीर्घच म्हणायचा. त्यांतील काही आयन आपोआप १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सोडतात आणि हा प्रकाश तंतूतून जाताना इतर आयनांकडून आणखी वाढवून घेतो. समोरासमोरच्या आरशांची जोडी नसल्याने लेसर तयार होत नाही. मिळतो तो रुंद वर्णपटाचा, तेजस्वी प्रकाश.

उष्णता कुठे घाव घालते?

विमानातील वा उपग्रहातील उपकरणाला उणे ४० अंशांपासून ६०-७० अंश सेल्सियसपर्यंतचे तापमान सोसावे लागते. त्याचा परिणाम दोन वाटांनी होतो. पहिली वाट खुद्द आयनांची. एर्बियमच्या ऊर्जापातळ्या काचेत अनेक उपपातळ्यांत विभागल्या जातात आणि त्यांत किती आयन कुठे राहतील हे तापमान ठरवते. तापमान बदलले की वर्णपटाचा आकार बदलतो. दुसरी वाट ९८० नॅनोमीटरच्या डायोडची. त्याची तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते, शक्तीही कमीजास्त होते. परिणामी किती आयन उत्तेजित होतात हे बदलते आणि वर्णपटाचे वजन १५३० व १५६० नॅनोमीटर या दोन भागांमध्ये इकडून तिकडे झुकते.

डायोडवरचा उपाय तुलनेने सोपा निघाला. त्याच्या तंतूत ब्रॅग जाळी, म्हणजे ठरावीक तरंगलांबी परतवणारी सूक्ष्म पट्ट्यांची रचना कोरली, की डायोड त्या जाळीच्या तरंगलांबीला बांधला जातो. हे सरकणे मग दर अंशाला नॅनोमीटरच्या सुमारे शंभराव्या भागावर येते. आयनांचा स्वभाव मात्र बदलता येत नाही. तेथे अभियंते एका परिणामाने दुसरा खोडून काढतात. तंतूची लांबी आणि डायोडची शक्ती अशी निवडतात, की एका कारणाने तरंगलांबी वाढत असताना दुसऱ्या कारणाने ती तेवढीच घटेल. जोडीला योग्य आकाराची गाळणी लावून वर्णपटाचा सर्वांत चंचल भाग कापला जातो. उरलेली चूक तापमापकाच्या नोंदीवरून गणिताने दुरुस्त करतात.

वीज वाचवण्याची कसरत

कार्यक्षमतेची एक मर्यादा निसर्गानेच घातली आहे. ९८० नॅनोमीटरच्या एका प्रकाशकणातून १५५० नॅनोमीटरचा एकच कण मिळतो, म्हणून जास्तीत जास्त ६३ टक्के ऊर्जा उपयोगी पडते. १४८० नॅनोमीटरचा डायोड वापरल्यास हा आकडा ९५ टक्क्यांवर जातो. पण तेथे आयन पूर्णपणे उत्तेजित होत नाहीत.

तंतूत तयार होणारा प्रकाश दोन्ही टोकांनी बाहेर पडतो आणि साध्या रचनेत एका टोकाचा प्रकाश वाया जातो. त्या टोकाला आरसा बसवला की तो प्रकाश परत फिरतो, वाटेत आणखी वाढतो आणि कमी लांबीच्या तंतूत, कमी विजेत काम भागते. साध्या आरशाऐवजी ध्रुवणाची दिशा ९० अंशांनी फिरवणारा फॅरेडे आरसा वापरल्यास ध्रुवणामुळे होणारी तरंगलांबीची चलबिचलही शमते. एकाच बदलात कार्यक्षमता आणि स्थैर्य दोन्ही साधतात.

डायोड थंड ठेवणारे उपकरण अनेकदा डायोडपेक्षाही जास्त वीज खाते. ब्रॅग जाळीमुळे ते वगळता आले, तर उपग्रहासाठी ती मोठीच बचत ठरते. मात्र एर्बियमचे प्रमाण वाढवून तंतू आखूड करण्याचा मोह आवरावा लागतो. आयन दाटीने एकत्र आले तर ते आपली ऊर्जा एकमेकांतच वाया घालवतात. काचेत ॲल्युमिनियम मिसळल्याने ते विखुरलेले राहतात.

अवकाशातील परीक्षा

अवकाशात किरणोत्साराचाही सामना असतो. त्याने काच हळूहळू काळवंडते. गंमत अशी, की एर्बियम नीट पसरवणारे ॲल्युमिनियमच हा दोष वाढवते. काचेत सेरियम मिसळणे किंवा तंतूत हायड्रोजन भिनवणे हे त्यावरचे उपाय आहेत. फ्रान्सचे प्लेयादेस उपग्रह २०११ आणि २०१२ मध्ये अवकाशात गेले, तेव्हा त्यांची दिशा सांभाळण्याचे काम तंतूच्या गायरोस्कोपांकडेच होते. बोइंग ७७७ विमानातही १९९५ पासून दुय्यम दिशा-यंत्रणेत ते वापरले गेले.

भारतात एर्बियमयुक्त तंतू विकसित करण्याचे काम कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि मृत्तिका संशोधन संस्थेने केले आहे. इस्रोच्या यानांसाठी दिशादर्शक यंत्रणा तिरुवनंतपुरम येथील विभागात तयार होतात.

एर्बियम स्रोताला स्पर्धकही उभा राहिला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१० नंतरच्या दशकात लेसरचाच वर्णपट कृत्रिमरीत्या रुंद करून तो गायरोस्कोपमध्ये वापरून दाखवला. लेसरची तरंगलांबी अधिक काटेकोर राखता येते, हा त्याचा फायदा. तरीही उपग्रहांच्या संकेताविना वाट काढायची असेल, तर प्रकाशाचा गज उन्हाथंडीत सारखाच राहिला पाहिजे, ही अट दोन्ही मार्गांना सारखीच लागू आहे.