शाळेशीं वाद आणि पालकांची दाद

अंध, बधिर किंवा मतिमंद मुलासहि शिक्षण मिळालें पाहिजे, हें तत्त्व मान्य करणें कोणत्याहि सुधारलेल्या राष्ट्राला फारसें जड जात नाहीं. खरी अडचण पुढेंच उभी राहते. त्या मुलाला नेमकें कोणतें साहाय्य हवें आणि तें किती पुरे, याविषयीं आईबाप व शाळा यांच्यांत मतभेद झाला, तर निवाडा कोणीं करावयाचा? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं गेल्या अर्धशतकांत या प्रश्नाचें जें उत्तर शोधिलें, त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

१९७० च्या सुमारास तेथील अनेक राज्यांत हा निवाडा एकटे शाळाधिकारीच करीत. पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्यानें तर पहिल्या इयत्तेच्या आरंभीं ज्या मुलाचें मानसिक वय ५ वर्षांचें झालें नसेल, त्याला प्रवेश नाकारण्याची शाळांना मुभा दिली होती. प्रवेश नाकारणारा जो, तोच न्यायाधीश! १९७१ सालीं मतिमंद मुलांच्या पालकांच्या संघानें या राज्यावर संघन्यायालयांत दावा लाविला. अशीं मुलें शिकूं शकतात, हें तज्ज्ञांच्या साक्षींनीं स्पष्ट होतांच राज्यानें तडजोड पत्करिली. प्रत्येक मुलाला शिक्षण देण्याचें त्यानें मान्य केलेंच. शिवाय पूर्वसूचना व सुनावणी यांवांचून कोणत्याहि मुलाची शिक्षणव्यवस्था बदलावयाची नाहीं, हेंहि बंधन स्वीकारलें.

पुढल्याच वर्षीं वॉशिंग्टन शहराच्या शिक्षणमंडळानें अशाच दाव्यांत पैशाची सबब सांगितली. न्यायमूर्ति जोसेफ वाडी यांनीं ती मानली नाहीं. पैसा अपुरा असेल तर त्याची झळ सर्वांना सारखी लागावी. व्यंग असलेल्या मुलांनींच ती अधिक सोसावी हें न्याय्य नव्हे, असा त्यांच्या निकालाचा आशय होता.

या दोन निकालांच्या पायावर १९७५ सालचा कायदा उभा राहिला. देशांत व्यंग असलेलीं ८० लाखांहून अधिक मुलें असून त्यांपैकीं १० लाख सार्वजनिक शाळांतून अजीबात वगळलेलीं आहेत, असें त्यांत नमूद होतें. प्रत्येक मुलासाठीं स्वतंत्र शिक्षणयोजना लिहून काढावी. तीवर वाद झाल्यास निःपक्षपाती अधिकाऱ्यापुढें सुनावणी व्हावी. तो अधिकारी त्या मुलाचें शिक्षण पाहणाऱ्या खात्याचा नोकर नसावा. निकाल न पटल्यास न्यायालयाचें दार मोकळें असावें. आणि वाद चालूं असतां मुलाला आहे त्या वर्गांतून हलवूं नये, अशी ही व्यवस्था होती.

सुनावणीचा हक्क मिळाला, परंतु साहाय्य किती हा प्रश्न उरलाच. न्यूयॉर्क राज्यांतील एका बधिर मुलीसाठीं तिच्या आईबापांनीं वर्गांत खुणांच्या भाषेचा दुभाषी मागितला होता. मुलगी वरच्या इयत्तेंत चढत आहे, म्हणजे तिला लाभ होतच आहे, असें ठरवून १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें ती मागणी फेटाळली.

पुढें सुनावण्यांनाहि कोर्टाचें रूप आलें. वकील आले, तज्ज्ञ आले, खर्च वाढला. जो दाद मागेल त्यानेंच आपलें म्हणणें शाबीत करावें, असा निर्णय २००५ सालीं झाला. दाद मागणारे बहुधा आईबापच. दप्तर व तज्ज्ञ मात्र शाळाखात्याच्या हातीं! न्यूयॉर्क व न्यू जर्सी या राज्यांनीं नंतर स्वतंत्र कायदे करून हा भार शाळांवर टाकला.

दुसरा उपाय समेटाचा. १९९७ च्या दुरुस्तीनें सरकारी खर्चानें मध्यस्थ देण्याचें बंधन राज्यांवर आलें. मध्यस्थ निकाल देत नाहीं. तो उभयतांत बोलणें घडवून आणतो. मूल त्याच शाळेंत वर्षानुवर्षें पाठवावयाचें असल्यानें वाद जिंकण्यापेक्षां तो मिटणें पुष्कळदां हिताचें ठरतें. मात्र सुनावणीचा मार्ग मागें खुला असतो, म्हणूनच समेटाच्या बैठकींत आईबापांच्या शब्दाला वजन येतें.

२०१७ सालीं कोलोरॅडोंतील एका स्वमग्न मुलाच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें सांगितलें कीं, नाममात्र लाभ पुरेसा नाहीं. मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगति साधेल अशी योजना हवी. शाळेचा शब्द अखेरचा नव्हे असें म्हणावयास आईबापांना १९७१ सालीं जागा मिळाली, तिचें हें फळ होय. हक्क कागदावर लिहिणें सोपें. दुबळ्या पक्षालाहि तो मागतां येईल अशी जागा राखणें, हेंच काम अवघड असतें.