सोमवार, पहाटे ४.४०

सोमवारी पहाटे ४.४० वाजता रॉकी गेला. अल्सेशियन, वय नऊ वर्षं, वजन ३४ किलो, नसबंदी झालेली नाही. कुत्रा, घर आणि वेळा प्रातिनिधिक आहेत. आजार खरा आहे, आणि तो पशुवैद्यांच्या टेबलावर नेहमी येतो.

सहा आठवडे आधी. फरशीवर रक्ताचे दोन थेंब. घरच्यांनी चारही पंजे उलटून पाहिले, बोटांच्या बेचक्यांत टॉर्च मारला. काटा नाही, काच नाही. मादी असती तर माजावर आली हे लगेच कळलं असतं. नराच्या लिंगातूनही, लघवी करत नसताना, रक्त ठिबकू शकतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. फरशी पुसली.

वृषणातल्या संप्रेरकामुळे नराची प्रोस्टेट ग्रंथी वयाबरोबर वाढते. पाच वर्षांपुढच्या, नसबंदी न झालेल्या बहुतेक नरांत ती वाढलेली सापडते. ती मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती असते. तिच्या वरून मोठं आतडं जातं. ग्रंथी वाढली की आतड्याची वाट चिंचोळी होते. नसबंदी करून वृषणं काढली तर काही आठवड्यांत ग्रंथी आक्रसते.

शुक्रवार, सकाळी ६.३०. फिरताना चार वेळा शीला बसला. झाली ती पट्टीसारखी चपटी. पोट साफ नाही असं ठरलं. जेवणात उकडलेला भोपळा घातला.

शनिवार, सकाळी ७.१०. पायरी चढेना. मागचे पाय आखडून टाकत होता. वय झालं, कंबर धरली असेल.

दुपारी १२.२०. दवाखाना १ वाजता बंद होणार होता. जायला पंधरा मिनिटं पुरली असती. सोमवारी सकाळी नेऊ, असं ठरलं.

रात्री ९.००. दूधभात तसाच. मागे जखमेसाठी आणलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या कपाटात होत्या, एक दिली. प्रोस्टेटमध्ये हे औषध नीट शिरत नाही. तिथल्या जंतुसंसर्गाला एन्रोफ्लॉक्सॅसिनसारखं औषध चार ते सहा आठवडे द्यावं लागतं. इथे तर वाढलेल्या ग्रंथीत संसर्ग होऊन पू धरला होता. तो काढल्याशिवाय नुसत्या औषधाने भागत नाही.

रविवार, दुपारी २.१५. कान तापलेले, पाठ कमानीसारखी, पोटाला हात लावू देईना. घरात थर्मामीटर होता, माणसांचा. वापरला नाही.

रात्री ८.३०. कण्हणं थांबलं. आराम पडला असं वाटून घरच्यांनी त्याला निजू दिलं. गळू फुटून पू पोटात पसरला होता. हिरड्या फिकट पडल्या होत्या. ओठ उचलून कुणी पाहिलं नाही.

रात्री ११.५०. उलटी. उभं राहता येईना. तिसऱ्या फोनला एका डॉक्टरांनी उत्तर दिलं.

मध्यरात्रीनंतर १२.४५. तापमान ९८ फॅरनहाइट. निरोगी कुत्र्याचं १०१ ते १०२.५ असतं. सोनोग्राफीत प्रोस्टेटमध्ये पोकळी, पोटात पाणी. सलाईन लावलं, शिरेतून प्रतिजैविकं दिली. पोट उघडून धुवायला हवं होतं, पण रक्तदाब भूल सोसण्याइतका नव्हता.

१.१०. डॉक्टरांनी आधीचं विचारलं. रक्ताचे थेंब, चपटी शी, आखडलेले पाय: घरच्यांना सगळं आठवत होतं, क्रमानेही आठवत होतं. सांगायला तीन मिनिटं लागली.

३.५०. रक्तदाब मोजता येईना.

४.४०. हृदय थांबलं.