दुहेरी ठशाची साक्ष

नाणे वाजवून घ्यावे, अशी आपल्याकडे जुनी शिकवण आहे. वाजविल्याने धातू कळतो. परंतु ज्या नाण्याचा धातू अस्सल आणि वजनही बिनचूक आहे, त्याच्या अंगावरील चुकीची पारख कशी करावी? अमेरिकेतील दोन सेंटांचा इतिहास या बाबतीत मोठा उद्बोधक आहे, असे आम्हांस वाटते.

१९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत हजारो सेंट दुबार अक्षरांचे निघाले. साल, ‘लिबर्टी’ हा शब्द आणि वरचे बोधवाक्य दोनदा उमटलेले. मधला लिंकनचा चेहरा मात्र जवळजवळ स्वच्छ! चूक ध्यानात आली तोवर त्यांतील वीस ते चोवीस हजार नाणी चांगल्या नाण्यांच्या राशीत मिसळली होती, असा अंदाज आहे. तेवढ्यासाठी सारी रास वितळविण्यापेक्षा अधिकाऱ्यांनी ती बाहेर जाऊ दिली.

याचे कारण साच्यात होते. उठावाचा मूळ ठसा पोलादावर दाबून नाण्याचा साचा करीत. एका दाबात चित्र पुरते उतरत नसे. म्हणून साचा तापवून मऊ करीत आणि पुन्हा ठशाखाली ठेवीत. दुसऱ्या वेळी तो किंचित फिरला, की कडेची अक्षरे दुहेरी होत आणि मध्य तेवढा वाचे. अशा साच्यातून पडलेले प्रत्येक नाणे तीच चूक घेऊन येई.

पण दुहेरी दिसणारे सारेच मोलाचे नव्हे. छाप पडताना साचा हादरला, तरी अक्षराशेजारी एक चपटी पायरी उमटते. अशा नाण्याला सहसा दर्शनी किमतीहून फारसे मोल नसते. खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही अक्षरे गोलसर, उठावदार असतात.

सान फ्रान्सिस्कोचा १९६९ चा सेंट ही कसोटी अधिक स्पष्ट करतो. त्या काळी टांकसाळीचे ‘एस’ हे अक्षर साचा तयार झाल्यावर निराळे ठोकीत. म्हणून अस्सल नाण्यावर साल दुहेरी, पण ‘एस’ एकेरीच असतो. ‘एस’ही दुहेरी दिसला, तर दोष साच्याचा नव्हे, हादऱ्याचा. त्याच सुमारास कोणी दुहेरी सेंट बनावट पाडले होते; त्यामुळे काही अस्सल नाणीही सरकारी तपासनिसांनी खोटी समजून जप्त केली. खरे ते खोटे ठरते, ते असे.

बखरींच्या नकला ताडून पाहणाऱ्यांना ही रीत परकी वाटू नये. एकच चूक अनेक नकलांत आढळली, तर तिचे मूळ त्यांच्या सामाईक मातृकेत शोधावयाचे. एकाच नकलेत असली, तर बहुधा त्या लेखकाच्या हाताकडे पाहावयाचे. चूक दिसली एवढ्यावर निवाडा देऊ नये; ती कोणत्या पायरीवर शिरली हे आधी विचारावे. हातातील सुट्ट्या पैशांनाही हाच न्याय लागू आहे.