दारू सोडणाऱ्याला सोबत कोणाची?



मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण मजुरांच्या सभांत आणि उसन्या पुस्तकांवर झाले. डहाणू-तलासरीत संघटनेचे काम करताना माणूस दारू सोडतो हे मी पुष्कळदा पाहिले. सोडून टिकतो, हे मात्र क्वचित. टिकणारा कशाच्या बळावर टिकतो, या प्रश्नाने मला शंभर वर्षे मागे नेले. तोच प्रवास आज आपल्यापुढे मांडतो.

कैनाडसारख्या वारली पाड्यांत मोह आणि ताडी नवी नाही. लग्न असो, देव असो, मयत असो, ताडीचे चार थेंब जमिनीवर सांडल्यावाचून कार्य सुरू होत नसे. पण हे पेय घरचे होते. झाड आपले, फूल आपले, मडके आपले. इंग्रज सरकारने 1878 साली मुंबई इलाख्यात आबकारी कायदा केला. घरी दारू गाळणे गुन्हा ठरले, ताडीच्या झाडावर कर बसला आणि विक्रीचा मक्ता पैसेवाल्यांकडे गेला. 1892 च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. म्हणजे रानात फुलांचा सडा पडलेला, आणि वारल्याने प्यायची मात्र गुत्त्यावर, तीही उधारीने!

गुत्तेदार बहुधा सावकारही असे, आणि पुष्कळदा जमीनदारही. उधारी फिटेना, मग वेठ आली. लग्नासाठी कर्ज काढणारा लग्नगडी होऊन मालकाच्या दारी राबू लागला. दारू हे या दास्याचे एकमेव कारण नव्हे. परंतु त्या दोराची एक गाठ निश्चित होती. म्हणून व्यसनाला निव्वळ मनाचा दुबळेपणा म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

आता 1921-22 सालची गोष्ट. पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळी समाजात देवीच्या रोगाचे शमन करण्याचा विधी चालू होता. तो गावोगाव पसरत डोंगरपट्टीत चढला आणि 1922 च्या अखेरीस थेट सुरत जिल्ह्यातील आदिवासींपर्यंत पोहोचला. अंगात आलेली माणसे मांडवात बसत आणि देवीच्या तोंडून आज्ञा देत : दारू-ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, रोज अंघोळ करा, गुत्तेदाराच्या कामावर जाऊ नका. त्या गुत्तेदारांत पारशी पुष्कळ होते. तथापि दोष जातीचा नव्हता, मक्त्याच्या पद्धतीचा होता. या देवीला सालाबाई म्हणत. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने 1987 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा सारा वृत्तांत सांगितला आहे.

हजारो माणसांनी एकदम पेला खाली ठेवला, तो कसा? माझ्या मते याचे मर्म असे की, कोणीही एकट्याने दारू सोडली नाही. सारा गाव एकाच मांडवात बसून सोडत होता. त्यामुळे पाहुण्याला न पाजणाऱ्याला लाज वाटण्याचे कारण उरले नाही, आणि ज्याला प्यायची हुक्की येई त्याला पिण्याचा सोबती मिळेना.

पण देवी आली तशी गेलीही. पुष्कळांनी पुन्हा पेला उचलला. सुरतेकडील चौधरी समाजात दोन तट पडले : व्रत पाळणारे ते वरजेला आणि सोडणारे ते सरजेला. पाळणाऱ्यांच्या पाठीशी पुढे आश्रम, चरखा आणि सभा उभ्या राहिल्या. ज्यांच्या पाठीशी शपथेवाचून काही नव्हते, त्यांचे काय होणार? शपथ एका दिवसाची असते. सोबत रोज लागते.

याच भागाने 1945 साली दुसरी शपथ पाहिली. 23 मे रोजी झरी गावी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली आणि वेठीला नकार देण्याचा निश्चय झाला. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. ही शपथ दारूची नव्हती, वेठीची होती. परंतु तिच्यामागे लाल बावट्याची संघटना होती, म्हणून ती गोळीबारानंतरही टिकली.

पुढे 1949 चा दारूबंदीचा कायदा आला. कायदा दुकान बंद करतो. पण रात्री हात थरथरू लागलेल्या माणसाजवळ बसायला कायदा येत नाही. अमेरिकेत ॲक्रन गावी 1935 साली एक शेअरदलाल आणि एक शस्त्रवैद्य, दोघेही दारूडे, एकमेकांजवळ बसू लागले. आपण दुसऱ्याला सावरू गेलो की स्वतः सावरतो, हे त्यांना उमगले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ जगभर गेली. आपल्याकडे पुण्याला अनिल आणि सुनंदा अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केले. तिथेही व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच नव्याने आलेल्याचा हात धरतो. या विद्येचा अर्धा धडा आमच्या मांडवात आधीच गिरवला गेला होता. उरलेला अर्धा, म्हणजे रोजची सोबत, तेवढा राहून गेला.

आता माझी चूक सांगतो. वीटभट्टीवरचा एक गडी शहरात महिनाभर उपचार घेऊन आला. पंधरवड्याच्या आत बाजाराच्या दिवशी पिऊन पडला. मी त्याला चारचौघांत झोडपले आणि समितीतून त्याचे नाव कमी केले. म्हणजे ज्याला सोबत हवी होती, त्याची होती तीही मी काढून घेतली! पुढे त्याच्या बायकोने मला सुनावले, "भाऊ, तो पडला तेव्हा तुम्ही उभे होतात. मग उचलला का नाही?" मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो. आधी दवाखाना, कारण फार पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. मग बाजाराच्या दिवशी दोन शेजारी त्याच्याबरोबर जाऊ लागले. मजुरी त्याच्याच संमतीने बायकोच्या हाती येऊ लागली. भगताने देवापुढे ताडीऐवजी नारळाचे पाणी सांडायला मान्यता दिली. दर शनिवारी सोडलेले पाच-सहा जण पाड्यावर बसतात. मधे तो एकदा घसरला. या वेळी नाव कमी केले नाही. सात वर्षे झाली, आज नव्या माणसाला बाजारातून तोच घरी आणतो.

बंधुभगिनींनो, आपण शहरातली माणसे. आपल्या कारखान्यात, वाडीत, दुकानात असा माणूस परत येईल तेव्हा त्याचे काम राखून ठेवा. लग्नात त्याच्यापुढे पेला सरकवू नका. आणि तो घसरलाच, तर विचारणाऱ्या त्या बाईला देण्यासारखे उत्तर आपल्याजवळ असू द्या.