आयुक्ताचा हुकूम आणि मुंबईची दुकाने

1888 च्या कायद्याने मुंबई महानगरपालिकेचे कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे सोपविले. हा आयुक्त सरकार नेमते. नगरसेवकांच्या सभागृहाने चर्चा करावी आणि हुकूम आयुक्ताने काढावा, अशी ही रचना. साथीच्या काळात तिचा कस लागतो, याचे प्रत्यंतर शहराला दोनदा आले.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. 6 ऑक्टोबरला आयुक्त स्नो यांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा हुकूम काढला. महिनाअखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, तेव्हा स्नो यांनी हुकूम सौम्य केला. दयाबुद्धी हे त्याचे कारण नव्हते. सफाई कामगार पळून गेले तर शहर राहण्याजोगे उरणार नाही, ही धास्ती त्यामागे होती. पुढे लाखो माणसे गावी गेलीच, आणि गिरण्या चालू ठेवण्यासाठी मालकांना नाक्यानाक्यावर रोजंदारीची बोली लावून मजूर मिळवावे लागले.

4 फेब्रुवारी 1897 चा साथरोग कायदा त्याच प्लेगचे अपत्य. 2020 मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्रातील निर्बंधांचे आदेश निघाले, तेव्हा 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याबरोबर याही कायद्याचा आधार घेण्यात आला. मार्चअखेरपासून बंद असलेल्या दुकानांपैकी काहींना मेच्या आरंभी सवलत मिळाली: एका गल्लीत जीवनावश्यक नसलेली पाचच दुकाने. सहावा दुकानदार कोणी व्हायचे, हा प्रश्न कागदावर क्षुल्लक दिसतो. ज्याचे भाडे आणि नोकराचा पगार थकला आहे, त्याच्या दृष्टीने तो एवढाच प्रश्न होता. मद्याच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. 5 मे रोजी आयुक्त प्रवीण परदेशी यांनी मुंबईपुरती सवलत रद्द केली आणि किराणा व औषधांची दुकाने तेवढी उघडी राहिली. 1896 मध्ये जमावाने सक्ती सैल करविली होती. येथे गर्दीनेच ती परत आणली. मात्र रांगेत उभा नसलेला कापडवाला किंवा भांडीवालाही त्या निर्णयात भरडला गेला.

5 जूनपासून रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एके दिवशी, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी, असा सम-विषम क्रम सुरू झाला. कपडे घालून पाहण्यास बंदी, घेतलेला माल बदलून देण्यासही बंदी. रस्ता मधोमध दुभागणे अधिकाऱ्याला सोपे. पण गिऱ्हाईक एका फेरीत कापड, अस्तर आणि बटणे घेते, आणि ती तिन्ही दुकाने एकाच बाजूला असतात असे नाही. ही अट ऑगस्टच्या आरंभी उठली. त्याआधी, 28 जूनला, राज्यात केशकर्तनालये उघडली होती. तेथे केस कापून घेता येत. दाढीला परवानगी नव्हती.